जोडीतला दुसरा कप

कप दोनच निघाले.

भावजयीने टेबलावर खोका उघडला, वरचा चुरगळलेला कागद उपसून बाजूला टाकला, एक कप काढला, मग दुसरा काढला. आक्का ओट्यापाशी भाजी चिरत होती, म्हणजे तोंड भाजीकडे आणि कान खोक्यात. भावजयीने तिसऱ्यांदा खोक्यात हात घातला तेव्हा आक्काने सुरी खाली ठेवून हातसुद्धा पुसून घेतले. पण तिसऱ्या खेपेला नुसता कागदच वर आला.

"हाताने केलेले आहेत, आक्का," भावजय म्हणाली.

"मग? बाकीचे लोक काय पायाने करतात?"

"खरं सांगू का, हे कप करणारी बाई चाक पायानेच फिरवते," आक्काचा भाऊ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याचं हसणं लहानपणापासून असंच होतं. आधी खांदे हसायचे, मग तोंड.

आक्का त्याला बाळ्या म्हणायची. बाळ्याला टक्कल पडलं होतं, तो गाडी शिकवायच्या संस्थेत मास्तर होता, घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून जादा ब्रेकवर पाय ठेवण्यात त्याची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती, तरी घरात तो बाळ्याच. आईवडील लवकर गेले आणि आक्काने त्याला वाढवलं. तिने स्वतः लग्न केलं नाही. जमलं नाही असं लोक म्हणायचे, केलं नाही असं ती म्हणायची. बाळ्याचंही राहून गेलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि तेवढ्यात ह्या पठ्ठ्याने चाळिशी उलटल्यावर दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसणारी ही मुलगी शोधून काढली. आक्काने लग्नात सगळ्यांत जास्त धावपळ केली, आणि घरी येऊन दोन दिवस डोकं दुखतं म्हणून पडून राहिली.

कप दिसायला बरे होते. बरे म्हणजे काय, सुंदर होते, आणि आक्काला तेच सहन होईना. मळकट पांढरा रंग, हाताला गुळगुळीत, खाली बूड मात्र उघड्या मातीचं, खरखरीत. बाहेरून निळ्या रंगाचा एक फटकारा. भावजयीने दोन्ही कप शेजारी ठेवले, एक जरासा फिरवला, आणि पहिल्या कपावरचा निळा फटकारा दुसऱ्यावर पुढे चालू झाला.

"जोडी आहे," ती म्हणाली. "मातीच्या एकाच गोळ्यातले दोघं. एक ह्यांचा, एक माझा."

"तुझा? तू कुठे चहा पितेस?"

"गरम पाणी पिईन की त्यातून."

तिला चहाने पित्त व्हायचं. चहा न पिणाऱ्या बाईला चहाचा कप, आणि जी ह्या घरात वीस वर्षं चहा उकळतेय तिला खोक्यातला कागद! आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती एवढंच म्हणाली, "असल्या नाजूक वस्तूंना सांभाळत बसायला वेळ कुणाला आहे? आपला स्टीलचा पेला बरा. पडला तर आवाज होतो, बाकी काही होत नाही."

भावजय मग ते कप कसे सांभाळायचे ते सांगायला लागली. गार कपात एकदम उकळतं ओतायचं नाही, आधी कोमट पाण्याने विसळून घ्यायचा. तारेच्या घासणीने घासायचं नाही. बूड पाणी पितं, म्हणून पालथा घालून पुरता वाळू द्यायचा, मगच कपाटात ठेवायचा. आणि ह्या पांढऱ्या झिलईचं एक खास आहे, ती म्हणाली, त्या बाईने सांगितलंय की... इथे आक्काने मिक्सर लावला. भांड्यात फारसं काही नव्हतं, पण आवाज झकास झाला. भावजय बोलत राहिली, बाळ्या मान डोलवत राहिला, आणि आक्का झाकणावर हात दाबून खिडकीबाहेर बघत राहिली. मिक्सर थांबला तेव्हा शेवटचं वाक्य ऐकू आलं: "म्हणजे जितकं वापरू तितकं."

वापरा, वापरा, आक्का मनात म्हणाली. माझं काय जातं?

जात होतं ते पुढच्याच संध्याकाळी कळलं. बाळ्या कामावरून आला की हातपाय धुऊन टेबलाशी बसायचा, आक्का दोन पेल्यांत चहा ओतायची, आणि दोघांच्या गप्पा चालायच्या. त्याचा चहा निम्मं दूध घातलेला, दोन चमचे साखरेचा, लहान मुलाला द्यावा तसा. तिचा कोरा, कडक, विटेच्या रंगाचा. कोणत्या शिकाऊ माणसाने आज गाडी फुटपाथवर चढवली, कोणत्या बाईने आरसा फक्त केस बघायला वापरला, हे सगळं तो आधी आक्काला सांगायचा. लग्नानंतर भावजय तिथे असायची, पण कडेला, उभ्याउभ्या, काहीतरी आवरत. पेले दोनच असायचे आणि ते ह्या दोघांचे.

आता कप दोन झाले. भावजय खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली, आक्काच्या खुर्चीवर. वाफाळतं पाणी फुंकून फुंकून प्यायली आणि शिकाऊ लोकांच्या गोष्टींवर हसली. मधे निळा फटकारा ह्या कपावरून त्या कपावर गेला होता. आक्का आपला पेला घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही असं नाही. दोघांनीही म्हटलं. पण ज्या घरात आपण लोकांना बस म्हणायचं तिथे आपल्यालाच कुणी बस म्हणावं, ह्यासारखं दुखणं नाही.

आक्का सकाळी चष्म्याच्या दुकानात जायची. काड्या वाकवून कानाला बसवून देणं, नाकावरच्या पट्ट्या बदलणं, गिऱ्हाइकाला आरसा धरणं, ही तिची कामं. "जवळचं दिसत नाही हे मान्य करायला लोकांना एवढं जड का जातं कळत नाही," असं ती गिऱ्हाइकांना हसून म्हणायची. स्वतः मात्र सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी दुकानातून सुटल्यावर एके दिवशी ती वाट वाकडी करून, कप जिथून आणले होते त्या मातीकामाच्या स्टुडिओत गेली. कशाला, हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. बघून यावं, एवढंच. गॅरेजइतकी एक खोली होती. एका बाजूला फळ्यांवर कच्ची भांडी वाळत होती, दुसऱ्या बाजूला भट्टी, आणि मधे कोपरापर्यंत चिखलाने माखलेली एक बाई.

"हात खराब आहेत, तुम्हीच उचलून बघा," ती म्हणाली. "भांडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही."

आक्काने ह्याला हात लाव, त्याला हात लाव असं केलं. मग शक्य तितक्या बेफिकीर आवाजात विचारलं, "असा निळ्या फटकाऱ्याचा एखादा सुटा मिळेल का? एकच?"

"ती जोडीतच करते मी. सुटा एक आहे, पण भट्टीत जरा कललाय." तिने कोपराने दाखवला. कप चांगला होता, फक्त एका बाजूला मान टाकल्यासारखा उभा होता. "कमी किमतीत देईन. काही लोकांना असेच आवडतात."

"म्हणजे जोड्या लोकांनी न्यायच्या आणि कललेला मी घ्यायचा?"

बाई गोंधळली. "तसं नाही हो. बरं, ह्या झिलईची एक गंमत आहे, घ्या किंवा घेऊ नका, पण ऐका तरी..."

"भांडी कशी वापरायची ते मला नका सांगू," आक्का म्हणाली आणि चालू लागली. रस्ताभर ती स्वतःशी बोलत होती. कलला म्हणे! सुटा म्हणे! घरी पोचली तेव्हा घर रिकामं होतं. बाळ्या आणि भावजय दोघंही संध्याकाळशिवाय येत नसत. तिने चप्पल काढली, आपला कोरा चहा उकळायला ठेवला, कपाट उघडलं आणि भावजयीचा कप बाहेर काढला.

आधी कोमट पाण्याने विसळला. ऐकायचं नाही म्हणून मिक्सर लावला होता, पण मिक्सरच्या आधीचं सगळं तिला तोंडपाठ होतं. मग चहा ओतला आणि ती आपल्या खुर्चीवर, भावजय बसते त्या खुर्चीवर, बसली. समोर बाळ्याचा कप ठेवला, रिकामाच. शेजारी नव्हे, समोर. हातात कप असा बसला की ती दोन मिनिटं प्यायचंच विसरली. अंगठा कपाच्या कानाच्या मुळाशी एका खोलगट जागी जाऊन टेकला, आणि त्या चिखलाच्या बाईचाही अंगठा कधीतरी इथेच टेकला असणार. चहा स्टीलच्या पेल्यातल्यासारखा ओठ भाजत नव्हता. आक्काला फार सुख झालं. सुख चोरीचं होतं, पण म्हणून त्याची चव काही कमी लागली नाही.

त्या दिवसानंतर रोज दुपारी हेच. प्यायचं, मऊ फडक्याने धुवायचं, पुसायचं, बोटांचे ठसेसुद्धा राहू द्यायचे नाहीत आणि कप होता तसा, निळा फटकारा जुळवून, जागेवर ठेवायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि आक्काचे डोळे तर उघडे असूनही जवळचं बघत नव्हते. तिच्या मते कप आरशासारखा लख्ख होता.

इकडे भावजयीत काही फरक पडायला लागला. आधी ती घरात पाहुण्यासारखी वावरायची. डबा कुठल्या फळीवर ठेवू, खिडकी लावू का, सगळं विचारून. आता ती विचारेनाशी झाली. संध्याकाळी कप काढताना स्वतःशीच गालात हसायची, कपात डोकावून बघायची, आणि मग बाळ्याकडे असं बघायची की आक्काला नजर कुठे ठेवावी कळेना. जाताजाता त्याच्या टकलावरून हात फिरवायची. एकदा तर त्याच्या ताटात आपल्या ताटातला घास ठेवला, आक्काच्या देखत.

बाळ्या मात्र होता तसाच होता. मग हिला झालंय काय? आक्का जळत राहिली. दुकानात एका गिऱ्हाइकाची काडी वाकवताना तिने ती मोडलीच. ही एवढी फुलतेय कशाने? त्याने हिला काय सांगितलंय? आपल्याला न सांगता काय दिलंय? बाळ्याला लहानपणी खोटं बोलता येत नव्हतं, कारण खोटंसुद्धा त्याला आक्काने शिकवून पाठवावं लागायचं. त्याचा गृहपाठ तीच लिहायची. त्यातलं कठीण काम गणित नव्हतं, कठीण होतं ते त्याच्यासारखं गिचमिड अक्षर काढणं. तिचं अक्षर मोत्यांसारखं, म्हणून ती डाव्या हाताने लिहायची. त्याच्या मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. अशा भावाच्या पोटात आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट आहे, ह्या विचाराने तिची भूक गेली. दुपारचा तेवढा चहा राहिला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं घरी होती. भावजयीने दोन्ही कप टेबलावर आणले, पण भरले नाहीत. ती खुर्चीवर बसली, हाताची घडी घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता कबूल करा."

"काय?" बाळ्याने विचारलं.

"माझ्या कपातून चोरून चहा पिता ते."

आक्का ओट्याशी होती. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते तिला त्या फरशीवर कळलं. तिने नळ सोडला आणि लगेच बंद केला. ह्या वेळी ऐकणं भाग होतं.

"आक्का, तुम्हीच बघा, तुम्ही साक्षीदार," भावजय हसत म्हणाली आणि कप तिच्यापुढे धरला. "त्या बाईने सांगितलं होतं ना, ह्या झिलईला आतून केसासारखे तडे असतात. ते खरे तडे नव्हेत, शोभेचे आहेत. नवीन कपात दिसत नाहीत. चहा पीत गेलं की रंग मुरतो आणि रेघा उठतात. जितकं वापरू तितक्या. पाण्याने उठत नाहीत. म्हणून मी म्हटलंच होतं, ह्यांच्याच कपात उठतील, माझा कोरा राहणार. आणि आता बघा!"

आक्काने कप हातात घेतला. "हं, दिसल्या," ती म्हणाली. दिसत काहीच नव्हतं.

"ह्यांचा चष्मा घेऊन बघा ना, तो बघा टेबलावर."

नाही कसं म्हणणार? आक्काने बाळ्याचा वाचायचा चष्मा नाकावर ठेवला आणि कप उजेडाला धरला. आतून सगळा कप रेघारेघांनी भरला होता. तळापासून काठापर्यंत बारीक तपकिरी जाळं, एकेक दुपार मुरलेली. तिने धुतलं होतं, पुसलं होतं, फटकारा जुळवून ठेवला होता, आणि कप आतून सगळं धरून बसला होता.

"परवा तर कपाटातून काढला तेव्हा बूड ओलं होतं," भावजय सांगत होती. "तेव्हाच माझी खात्री पटली. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे घरी येता आणि माझ्या कपातून पिता. आणि स्वतःच्या कपापेक्षा माझ्यातून जास्त पिता! तुमच्यातल्या रेघा बघा किती फिक्या आहेत, आणि माझ्यातल्या?" तिचा आवाज जरा हलला. "तोंडाने कधी बोलणार नाही हा माणूस. पण हे असलं करणार."

म्हणजे ही फुलली होती ती ह्याने. आक्काच्या चहाने.

बाळ्याने दोन्ही कप ओढून घेतले. एकात डोकावला, मग दुसऱ्यात. आपल्या दुधाळ चहाच्या फिक्या रेघा त्याने पाहिल्या, आणि ह्या गडद, विटेच्या रंगाच्या पाहिल्या. भावजय चहा पीत नव्हती, तिला रंगातला फरक म्हणजे फक्त कमीजास्त. पण बाळ्या आक्काच्या पेल्यासमोर वीस वर्षं बसला होता. त्याने मान वर केली आणि आक्काकडे पाहिलं. तिच्या नाकावर अजून त्याचाच चष्मा होता.

सांग आता, आक्का मनात म्हणाली. सांग, हा आक्काचा चहा आहे म्हणून. माझी अब्रू जाईल, पण हिचं ते हसूही जाईल. तिच्या मनाने दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या, आणि खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट तिला जास्त गोड वाटली.

बाळ्याचे खांदे हलले नाहीत. "हो," तो म्हणाला. "मीच."

भावजयीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुपारी बाळ्या खाली शिकवणीची गाडी धुवत होता. छतावरची 'शिकाऊ' पाटी काढून त्याने पायरीवर ठेवली होती. आक्का बादली घेऊन गेली. बादलीची गरज नव्हती, नळाला नळी लावलेली होती.

"खोटं का बोललास?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी."

आक्काची एवढ्या दिवसांची आग ह्या एका शब्दाने विझली असती, पण बाळ्याला नेमकं कुठे थांबावं हे कधी कळलं नाही. "आणि तिच्यासाठी," तो म्हणाला. "कप घेतले त्या दिवशी येताना गाडीत रडली ती. म्हणाली, माझ्या कपात रेघा उठणार नाहीत तेच बरोबर आहे, त्या घरात माझं काही उमटणारच नाही. भिंतीतल्या खिळ्यापासून सगळं तुमचं दोघांचं. तुम्ही चहा घेऊन बसलात की मी आहे का नाही हेसुद्धा कळत नाही, म्हणाली. म्हणून तर जोडी हवी होती तिला. चहा चालत नसताना."

"म्हणजे ती माझ्यावर जळायची?"

"फार."

आक्काला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, बादली उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली. "आणि तिसरा कप घ्यायचं कुणाला सुचलं नाही ते?"

"तिला सुचलं होतं. आक्कांना एक घेऊ म्हणाली. मीच नको म्हटलं. म्हटलं, आक्का असल्या वस्तूंना नावं ठेवते, तिला आपला स्टीलचाच पेला लागतो." तो काच पुसत सहज बोलत होता. "बरोबरच होतं ना?"

भावजयीच्या नावाने आक्काने इतक्या दुपारी बोटं मोडली होती, आणि तिसरा कप नको म्हणणारा हा इथे फडकं पिळत उभा होता. त्याला काही वाईट वाटलं नव्हतं, वाईट वाटण्यासारखं काही झालंय हेही त्याच्या गावी नव्हतं. तिला वाटलं, ह्याला बादलीतलं पाणी घालावं डोक्यावर. बादली रिकामी होती.

"बरं, आता निस्तर," ती कोरडेपणाने म्हणाली. "मी काही त्या कपाला हात लावणार नाही. ती रोज डोकावून बघते, रेघा वाढायच्या थांबल्या की विचारेल. तू येत जा दुपारी, पीत जा तिच्या कपातून."

"मी विसरेन गं. तुला माहितीये ना मी कसा आहे." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तू पितेसच की रोज. पीत जा. फक्त तो तुझा कोरा कडक नको. दूध घाल, माझ्यासारखा कर. ती हुशार आहे, आज ना उद्या दोन्ही कपांचा रंग ताडून बघेल." आणि हसला, आधी खांदे, मग तोंड. "एवढं कर ना, आक्का."

अगदी हेच वाक्य. वही पुढे करून तो हेच म्हणायचा.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. आक्काला तिची खुर्ची भावजयीने स्वतःच उठून दिली आणि आपण बाजूची ओढून घेतली, इतकी ती खुशीत होती. सबंध वेळ आक्काच्या जिभेवर एकच वाक्य होतं. त्या रेघा माझ्या आहेत. एवढंच म्हणायचं, की ही आत्ताच्या आत्ता पुन्हा पाहुणी होईल, डबा कुठे ठेवू विचारत फिरेल. भावजय कप उजेडाकडे तिरपा धरून रेघा बघत होती आणि मधेच बाळ्याचा हात दाबत होती. बाळ्या शिकाऊ लोकांच्या गोष्टी सांगत होता. पेला ओठाला लावून आक्का ते वाक्य घोटाबरोबर गिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मालकांना सांगून जवळचा चष्मा बसवून घेतला. मालक म्हणाले, "अखेर मान्य केलंत तर!" आक्का म्हणाली, "काम बारीक आहे."

घरी आल्यावर तिने पातेल्यात निम्मं दूध घातलं. साखरेचे दोन चमचे टाकले. आपल्या हाताला सवय होती म्हणून चहापत्ती जास्त पडली, तेव्हा थोडं दूध आणखी ओतलं. भावजयीचा कप कोमट पाण्याने विसळला, चहा भरला आणि नवा चष्मा लावून रंग पाहिला. फिका, दुधाळ, आळशी. तिचा अजिबात वाटत नव्हता.

समोर आज तिने बाळ्याचा कप ठेवला नाही. कप उजव्या हाताने उचलला, क्षणभर थांबली, मग डाव्या हातात घेतला आणि पहिला घोट घेतला. फार गोड झाला होता, बाळ्याला लागतो अगदी तेवढाच.